न दुखणारा हात

मित्रांनो, मी एक जुना ट्रंपेट आहे. जन्म माझा मेरठचा, पण आयुष्य गेले ते वसईत, नालासोपाऱ्याहून निर्मळकडे जाणाऱ्या रस्त्यालगतच्या एका बागायती गावात. तुम्ही म्हणाल, पितळेच्या बाजाला काय कळणार? खरे आहे, मला फारसे काही कळत नाही. पण ज्या हातांनी मला तीस वर्षे धरले, ते हात मात्र मला कळले. लोकांना ते फार उशिरा कळले. म्हणून माझी गोष्ट म्हणजे त्या दोन हातांचीच गोष्ट आहे. ती फार सुखाची नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

मेरठच्या एका अरुंद गल्लीत मला घडवले. पितळेच्या पत्र्याची नळी केली, तिच्यात वितळलेले शिसे ओतून तिला वळण दिले, मग शिसे काढून घेतले. माझा रुंद तोंडाचा कर्णा एका म्हाताऱ्या कारागिराने लाकडी हातोडीने ठोकून ठोकून काढला. शेवटी तीन खटके बसवले. हे खटके दाबले की माझा सूर बदलतो. मला घासूनपुसून लखलखीत केले आणि गवतात गुंडाळून खोक्यात घातले. खोके उघडले ते १९५७ साली, वसईच्या त्या गावात.

गावात नवीन बँड उभा राहिला होता. शाळेत गायन शिकवणारे फर्डिनंड मास्तर त्याचे प्रमुख. उंच, ताठ, शिस्तीचे कडक. त्यांनी मला उचलले, उलटसुलट करून पाहिले आणि समोर बसलेल्या तरुणांवर नजर फिरवली.

"सिप्रियन, इकडे ये. बोटं दाखव."

सिप्रियन तेवीस वर्षांचा होता. केळीची बाग आणि पानवेली सांभाळणारा, अंगाने सडपातळ. त्याने दोन्ही हात पुढे केले. बोटे लांब होती आणि त्यांना चिखलाचा वास येत होता.

"हा तुझ्याकडे," मास्तर म्हणाले. "पण लक्षात ठेव, हा बँडचा आहे. तुझ्या बापाचा नाही."

सगळे हसले. सिप्रियनही हसला. मी त्याच्या डाव्या हातात बसलो आणि उजव्या हाताची तीन बोटे माझ्या तीन खटक्यांवर आली. मित्रांनो, ट्रंपेट असाच धरतात. डावा हात सगळा भार घेतो, उजव्याने नुसते नाचायचे.

पुढची पंधरा-सोळा वर्षे माझ्या कौतुकाची होती. लग्नाच्या वरातीत, सणाच्या मिरवणुकीत आणि माणूस गेला की दफनभूमीपर्यंतच्या शेवटच्या वाटेवर आम्ही वाजवले. आगाशीपासून पापडीपर्यंत लोक विचारायचे, "सिप्रियन येणार ना? मग बँड सांगा." त्याचे लग्न ग्रेसीशी झाले तेव्हा स्वतःच्या वरातीत त्याने नवरदेवाच्या कोटातच मला वाजवले. ग्रेसी लाजून इतकी लाल झाली की मास्तरांनासुद्धा हसू आवरले नाही. सिप्रियन रोज मला मऊ फडक्याने पुसायचा, खटक्यांना तेलाचा थेंब द्यायचा. मी त्याच्या घरात, दारामागच्या खुंटीवर, कापडी पिशवीत राहायचो.

१९७३ साली ते दिवस संपले.

त्या काळात बागायतीतले रहाट निघत होते आणि विहिरींवर डिझेलचे पंप बसत होते. सिप्रियननेही बसवला. पावसाळा संपून बागेला पाणी सुरू झाले होते. पंप चालू असताना तो वाकून काहीतरी पाहत होता आणि त्याच्या सदऱ्याची डावी बाही पट्ट्यात अडकली. पट्ट्याने हात असा हिसडला की तो चाकापाशी जाऊन आदळला. बाही फाटली म्हणून जीव वाचला. हाड मोडले नाही, मोठी जखमही झाली नाही. पण हात खांद्यापासून लोंबू लागला.

मुंबईच्या मोठ्या इस्पितळात सांगितले की खांद्याजवळच्या सगळ्या नसा ताणून तुटल्या आहेत. या नसा म्हणजे रक्ताच्या शिरा नव्हेत. मेंदूचा निरोप हाताला आणि हाताचा निरोप मेंदूला पोचवणाऱ्या दोऱ्या. त्या पुन्हा जुळणार नव्हत्या. पहिले वर्षभर त्या हातात मधूनच वीज चमकल्यासारखी कळ यायची. मग तीही विझली. टाचणी टोचली तरी त्याला कळत नसे. चुलीजवळ चटका बसला, तर फोड दिसल्यावर समजे. हात बारीक झाला, गार पडला.

सिप्रियन त्या हाताचा रागराग करी. कुणी घरी आले की तो हात उचलून खिशात कोंबायचा. "मेलेलं ओझं आहे," म्हणायचा. ग्रेसी मात्र रोज आंघोळीनंतर त्याला खोबरेल लावायची, एकेक बोट हलवून मोकळे करायची.

"कशाला करतेस? त्याला काही कळत नाही," तो म्हणे.

"त्याला नसेल कळत. मला कळतं," ती म्हणे.

मी दीड वर्ष खुंटीवर होतो. पितळ काळवंडले, खटके चिकटले. मास्तरांनी मला परत मागितले नाही, एवढा मोठेपणा त्यांनी दाखवला. एके दिवशी ग्रेसीनेच मला खाली काढले, चिंचेने घासले आणि पिशवीत घालून एका लोहाराकडे नेले. सिप्रियनला न सांगता तिने एक लोखंडी दांडी करून घेतली. तिचे खालचे टोक कमरेच्या पट्ट्यात बसायचे आणि वरच्या बेचक्यात मी. भार दांडीने घ्यायचा, खटके उजव्या हाताने दाबायचे.

सिप्रियन आधी रागावला. "मला तमाशा करून दाखवायचा नाही," म्हणाला. मला दांडीवर ठेवून ग्रेसी पाणी भरायला निघून गेली. ती परत आली तेव्हा तो वाजवत होता आणि वाजवताना रडत होता. रडत वाजवले की सूर फुटतो, मित्रांनो. त्या दिवशी माझा फुटला, पण मला त्याचे वाईट वाटले नाही.

त्यानंतर चार वर्षे एका हाताचा सिप्रियन पुन्हा गाजला. त्याचा सगळा जीव आता त्या उजव्या हातात होता. फावडे त्याच हातात, घास त्याच हातात, मीही त्याच हातात.

आणि मग त्याच हाताला रोग लागला.

१९७९ची गोष्ट. सकाळी त्याने मला धरले की बोटे लाकडासारखी कडक असायची. तासभर ती वळतच नसत. हळूहळू बोटांचे सांधे सुजले, मनगट फुगले. मला सर्वात आधी कळली ती ऊब. पितळ थंड असते, म्हणून त्याला परक्याची ऊब लगेच समजते. ही नेहमीची ऊब नव्हती. प्रत्येक सांध्यात कुणी निखारा पुरून ठेवावा तशी ती होती. मग गुडघे सुजले, पावले सुजली. शेजारची सालोमी म्हणाली, वात आहे, निर्गुडीचा पाला शेकायला द्या. दिला. कुणी म्हणाले केळी सोडा. केळीच्या बागेत राहून त्याने केळी सोडली. नाक्यावरच्या दवाखान्यातून पांढऱ्या गोळ्या आणल्या. त्यांनी कळ थोडी दबे आणि पोट जळे.

तिसऱ्या खटक्यावरचे बोट सर्वात वाईट होते. पूर्वी ते फुलपाखरासारखे बसे, आता दाबायचे म्हणजे जिवावर येई. तरी त्याने चार वर्षे बँडमध्ये कुणाला कळू दिले नाही. एका हाताच्या माणसाने त्या एका हाताबद्दल तक्रार कशी करायची?

१९८४च्या जानेवारीत गावातल्या एका वृद्ध बाईंची अंत्ययात्रा होती. सकाळची वेळ, हवेत गारठा. अर्ध्या वाटेवर तिसरा खटका खाली गेलाच नाही आणि माझ्यातून असा भलता सूर निघाला की पुढे चालणाऱ्या फादरांनी मान वळवून पाहिले. दुसऱ्या ओळीत पुन्हा तेच झाले. दफन आटोपल्यावर फाटकाबाहेर मास्तर त्याच्यापाशी आले. सगळा बँड उभा होता.

"सिप्रियन, सकाळी सकाळी घेतलीस काय?"

सिप्रियन हळूच म्हणाला, "हातात आग आहे, मास्तर."

"हातात की पोटात?"

दोघेतिघे हसले. त्यात बर्नार्डही होता. तोही ट्रंपेटच वाजवायचा, सिप्रियनच्या मागच्या रांगेत. सिप्रियन हसला नाही, भांडलाही नाही. त्याची बोटे माझ्याभोवती आवळली गेली आणि मला जाणवले की ती आग त्या क्षणी वाढली. खरेच वाढली. घरी पोचेपर्यंत मनगट दुप्पट झाले होते.

संध्याकाळी मास्तरांचा निरोप आला. या महिन्याच्या शेवटी बाजा बँडच्या खोलीत आणून द्यावा. सणाला बर्नार्ड पुढे वाजवील.

निरोप ऐकून ग्रेसीने हातातले काम खाली ठेवले. मग म्हणाली, "सोपाऱ्यात नवीन डॉक्टरबाई आल्यात. उद्या जायचं."

"डॉक्टर काय नवीन सांगणार?"

"नाही सांगितलं तर परत येऊ. आणि बाजा बरोबर घ्या. हातानं काय करता ते त्यांना दिसू दे."

विमला डॉक्टर सोपाऱ्याच्याच एका बागायतदार हिंदू घरातल्या. मुंबईला शिकून त्यांनी गावातच दवाखाना थाटला होता. खोली लहान होती. टेबलावर औषधांपेक्षा पुस्तकेच जास्त होती. त्यांनी सिप्रियनला गुडघे दाखवायला लावले, पावले पाहिली, उजवा हात पाहिला. डावा त्याने सवयीने खिशात घातला होता.

"काका, तो हातपण टेबलावर ठेवा."

"तो मेलाय, बाई. त्याचं काही नाही."

"तरी ठेवा."

त्याने उजव्या हाताने डावा उचलून टेबलावर ठेवला. डॉक्टरांनी दोन्ही हात आपल्या हातात घेतले. उजवा हात लाल, तापलेला, सांधे गाठाळलेले. डावा बारीक, फिकट, पण प्रत्येक सांधा स्वच्छ. एकही सूज नाही. त्यांनी डाव्या बोटांचे सांधे एकेक करून चाचपले. मग पुन्हा एकदा चाचपले.

"ह्या हाताला कधी सूज आली होती? गेल्या पाच वर्षांत?"

"कधीच नाही," ग्रेसी म्हणाली. "मी रोज तेल लावते ना. आली असती तर मला दिसली असती."

डॉक्टरांनी दोन्ही हातांचे एक्स-रे काढून आणायला सांगितले. आठवड्याने आम्ही पुन्हा गेलो. त्यांनी दोन्ही फोटो खिडकीच्या उजेडात धरले. उजव्या हाताच्या हाडांच्या कडा उंदराने कुरतडल्यासारख्या झाल्या होत्या. डाव्या हाताची हाडे वापराविना विरळ झाली होती, पण एकही कड तुटलेली नव्हती.

"काका," डॉक्टर म्हणाल्या, "हा संधिवात बहुतेक वेळा जोडीनं येतो. उजवा गुडघा तर डावाही. तुमचे गुडघे दोन्ही धरलेत, पावलं दोन्ही धरलीत. हात मात्र एकच. का, ठाऊक आहे?"

सिप्रियनने नाही म्हणून मान हलवली.

"आम्हाला कॉलेजात शिकवलं की नस म्हणजे निरोप्या. सांध्यात दुखलं की मेंदूला कळवते, एवढंच तिचं काम. पण आता बाहेरचे शास्त्रज्ञ दुसरंच लिहायला लागलेत. मी अलीकडेच वाचलं. नस नुसता निरोप नेत नाही. दुखायला लागलं की तिच्या सांध्यातल्या टोकातून एक रस पाझरतो. त्या रसानं बारीक रक्तवाहिन्या फुगतात, त्यांच्यातून पाणी झिरपतं, सूज वाढते. सूज वाढली की नस आणखी दुखते, की पुन्हा रस सोडते. असं ते चक्र चालतं. डाव्या हाताच्या नसा तुटल्यात. तिथं रस सोडायला कुणी राहिलंच नाही. म्हणून त्या हातातली आग पेटली नसावी."

मग ग्रेसीने विचारले, "बाई, त्या दिवशी ह्यांना सगळ्यांसमोर बोल लागला, आणि घरी येईस्तोवर हात दुप्पट झाला. तेही नसांमुळे?"

"असू शकतं. भीती, अपमान, काळजी, ह्यांचा निरोपही नसांतूनच खाली जातो. मनाला लागलं की सांध्याला लागतं, हे खोटं नाही. पण किती आणि कसं, ते अजून कुणालाच पुरतं ठाऊक नाही."

सिप्रियन हे शेवटचे काही ऐकत नव्हता. तो आपल्या डाव्या हाताकडे पाहत होता. अकरा वर्षे त्याने ज्याला मेलेले ओझे म्हटले, त्याच्याकडे तो असा पाहत होता की जणू तो हात दुसऱ्या कुणा भाग्यवान माणसाचा आहे.

"मग ह्याच्याही कापा," तो म्हणाला.

"काय?"

"उजव्याच्या नसा. कापून टाका, बाई. तुम्हीच म्हणालात ना, नस नाही तर आग नाही?"

"काका, तसं कुणी करत नाही. आणि सगळा दोष नसांचा नाही. मूळ रोग रक्तातला आहे, नस त्यात तेल ओतते. शिवाय हाड कुरतडलं गेलंय ते परत येणार नाही."

"मग मला सांगितलंत कशाला?" सिप्रियनचा आवाज चढला. इतक्या वर्षांत तो कुणावर ओरडलेला मी ऐकला नव्हता. "पाच वर्षं झाली, बाई! घास तोंडात घालताना डोळ्यांत पानी येतं. सदऱ्याचं बटन बायको लावते. लोक म्हणतात पितो. आणि आज तुम्ही सांगता, ह्या हाताला काही नाही, कारण तो तुटलाय! मग मला तुटलेलाच द्या. दोन्ही तुटलेले द्या!"

ग्रेसीने तोंडाला पदर लावला. डॉक्टर उठल्या, त्यांनी हात धुतले आणि इंजेक्शनची सुई तयार केली.

"कापणार नाही," त्या म्हणाल्या. "पण टाके घालताना जागा बधिर करतो ना, तेच औषध मनगटातल्या नसांजवळ देते. दोन तास हात झोपेल. तुम्ही स्वतःच बघा. मग बोलू."

त्यांनी मनगटात दोन-तीन ठिकाणी सुई दिली. थोड्या वेळाने सिप्रियनचा चेहरा बदलू लागला. कपाळावरच्या आठ्या गेल्या. पाच वर्षांनी त्याचे खांदे खाली आले.

"गेली," तो म्हणाला. "ग्रेसी, गेली गं. काही दुखत नाही."

तो रडत होता आणि हसत होता. मग त्याने मला उचलले. दांडी कमरेला लावली नव्हती, त्या आनंदात त्याला तिचे भानच राहिले नाही. बोटे वळत होती, कारण ती वळवणारे स्नायू वर कोपराच्या बाजूला असतात आणि ते जागे होते. पण बोटांना मी लागत नव्हतो. मला ते जाणवले, मित्रांनो. सत्तावीस वर्षे ज्या बोटांनी अंधारातही माझा खटका चुकवला नव्हता, ती बोटे माझ्या अंगावर आंधळ्यासारखी फिरली. एक खटक्याच्या बाजूला पडले, एक नळीवर. आपण मला घट्ट धरले आहे की सैल, हे त्याला कळत नव्हते. त्याने मला ओठांना लावले, फुंकर घातली आणि मी निसटलो.

मी लादीवर कर्ण्यावर पडलो. माझी कड आत चेपली. तो आवाज ऐकून बाहेरचे रोगी दारात येऊन पाहू लागले.

सिप्रियन आपल्या रिकाम्या हाताकडे पाहत होता. मी पडलो ते त्याला कानांनी कळले होते, हाताने नाही. त्याने उजवा हात टेबलावर डाव्याच्या शेजारी ठेवला. दोन्ही मुके.

"असं असतं होय," तो म्हणाला.

डॉक्टरांनी मला उचलून ग्रेसीकडे दिले. "माझी चूक झाली," त्या म्हणाल्या. "आधी दांडी लावायला सांगायला हवं होतं."

"नाही बाई," सिप्रियन म्हणाला. "बरं झालं."

परत येताना एस.टी.त औषध उतरले. आधी बोटांच्या टोकांना मुंग्या आल्या, मग आग आली, पूर्वीसारखीच. ग्रेसीने विचारले, "दुखतं का?" तो "हो" म्हणाला, आणि मला पिशवीवरून चाचपून पाहिले. माझा प्रत्येक खटका त्याने बोटाने मोजला. त्याला दुखत होते, तरी त्याने तीनही मोजले.

डॉक्टरांनी नवीन गोळ्या सुरू केल्या. गुण यायला काही महिने लागतील, आणि आला तरी अर्धाच येईल, असे त्यांनी स्पष्ट सांगितले होते. पण महिनाअखेर जवळ आली होती. सिप्रियनने मला पुसले, पिशवीत घातले आणि बँडच्या खोलीकडे निघाला. ग्रेसी बरोबर होती. सराव चालू होता. मास्तर आता सत्तरीचे झाले होते, पण ताठपणा तोच.

"ठेव कपाटात," ते म्हणाले.

ग्रेसीने पिशवी ठेवू दिली नाही. ती सरळ टेबलापाशी गेली, नवऱ्याचे दोन्ही हात धरून टेबलावर ठेवले आणि म्हणाली, "मास्तर, आधी इकडे या. ह्यांच्या हातांना हात लावा."

"हे काय नवीन?"

"तुम्ही सगळ्यांसमोर बोललात. आता सगळ्यांसमोर हात लावा."

कुणी हसले नाही. मास्तर आले. त्यांनी आधी डावा हात चाचपला. तो गार होता. मग उजव्यावर तळवा ठेवला आणि तापल्या तव्याला हात लागावा तसा मागे घेतला. पुन्हा ठेवला. या वेळी काढला नाही.

"किती दिवस?" त्यांनी विचारले.

"पाच वर्षं," सिप्रियन म्हणाला.

"आणि तू असा वाजवत होतास?"

मास्तरांनी बर्नार्डकडे पाहिले, बाकीच्यांकडे पाहिले. माफी मागायची त्यांना सवय नव्हती. ते एवढेच म्हणाले, "सराव संपला. घरी जा सगळे." सिप्रियन निघाला तेव्हा मला कपाटात ठेवण्याची आठवण कुणी केली नाही.

चार दिवसांनी मास्तर स्वतः घरी आले. हातात सुरांचा कागद होता. तुम्हाला ठाऊक नसेल, पण एकही खटका न दाबता, नुसत्या ओठांच्या जोरावर, माझ्यातून पाच-सहा सूर निघतात. मास्तरांनी मिरवणुकीच्या चालीत तेवढ्याच सुरांचा एक वेगळा भाग बांधला होता.

"ह्यात बोटं लागत नाहीत," ते म्हणाले. "चाल बर्नार्ड वाजवील. तू हे वाजव. तुला चालत असेल तर."

सिप्रियनने कागद बराच वेळ पाहिला. जो पुढे उभा राहून अख्खी चाल खेळवायचा, त्याला आता पाच सूर मिळत होते. माझ्या मनात आले, हा कागद परत देईल.

"चालेल," तो म्हणाला.

सणाच्या दिवशी आम्ही मागच्या रांगेत होतो. बर्नार्डच्या ट्रंपेटमधून चाल निघाली. ती सिप्रियनसारखी नव्हती, आणि हे बर्नार्डलाही ठाऊक होते. मग आमची पाळी आली. बोटे खटक्यांवर नुसती टेकलेली, गरम, न हलणारी. माझी कड चेपलेली असल्याने माझा आवाज थोडा घोगरा निघाला. पाच सूर. पुढे चाललेल्या ग्रेसीने मागे वळून पाहिले नाही, पण ती चालायची थांबली.

गोळ्यांनी थोडे बरे वाटले. मग पुन्हा वाढले. पुन्हा थोडे उतरले. चार वर्षे असेच चालले. बोटे हळूहळू एका बाजूला वाकली. १९८८ साली दांडीवर ठेवलेला मीसुद्धा त्याला पेलेना, तेव्हा तो स्वतःच मला बँडच्या खोलीतल्या या कपाटात ठेवून गेला. घरून निघण्याआधी ओसरीवरच्या बाकावर आम्ही शेवटचे बसलो होतो. दुपार होती, त्याचा हात फार तापला होता. त्याने उजव्या हाताने डावा हात अलगद उचलला, मांडीवर घेतला आणि आपला जळता हात त्या गार तळव्याखाली सरकवला. बराच वेळ तो तसाच बसून राहिला. डाव्या हाताला त्यातले काही कळत नव्हते.

मित्रांनो, मला या कपाटात येऊन आता वर्ष होत आले. बँडची नवी वाद्ये आली आहेत, मला कुणी फुंकत नाही. त्याबद्दल माझी तक्रार नाही. कधीतरी माझ्यावरची धूळ पुसलीत, खटक्यांना तेलाचा थेंब दिलात, तर बरे वाटेल. पण मागणे मागायचे तर ते माझ्यासाठी मागणार नाही.

तुमच्या घरात कुणाचे गुडघे दुखत असतील, कुणाची बोटे वाकली असतील. ती माणसे सांगतील तेव्हा तुम्हाला काही दिसणार नाही आणि काही ऐकू येणार नाही. मी तर वाजणारे वाद्य, पण सिप्रियनच्या हातातली आग मलाही वाजवून दाखवता आली नाही. म्हणून हसू नका, घाईने शंका घेऊ नका. जवळ जा आणि आधी हात लावून बघा.